हेडफोनचा जॅक : एका सामायिक मानकाचा उदय व अस्त

१. विषयप्रवेश

यंत्रांचा इतिहास हा बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लोपांचा इतिहास म्हणून तो क्वचितच लिहिला जातो. एखादा यंत्रावयव केव्हा आणि कोणाच्या बुद्धीने अवतरला याची नोंद साक्षेपाने ठेवली जाते. तो केव्हा, कोणाच्या निर्णयाने आणि कोणाच्या पदराला खार लागून नाहीसा झाला, हे मात्र बहुधा अलिखितच राहते. स्मार्टफोनच्या कडेला असणारे, हेडफोनची पिन ज्यात बसते ते साडेतीन मिलिमीटर व्यासाचे गोल छिद्र, म्हणजेच हेडफोनचा जॅक, इ. स. २०१२ ते २०२० या अवधीत बहुतेक महागड्या फोनांतून नाहीसा झाला. ही घटना वरील प्रकारच्या लोपाचे एक उत्तम उदाहरण होय.

वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या अवयवाची मूळ रचना एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सिद्ध झाली आणि जी सुमारे एकशेचाळीस वर्षे तत्त्वतः अबाधित राहिली, ती अवघ्या काही वर्षांत बाजूस पडते, तेव्हा त्यामागील कारणांची छाननी करणे अगत्याचे ठरते. जॅक जुना झाला म्हणून गेला, असे एक सोपे उत्तर या प्रश्नास दिले जाते. उपलब्ध पुरावा या उत्तरास पुष्टी देत नाही. जॅक हे कोणाच्याही मालकीचे नसलेले मानक होते. त्यातच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण होते, आणि त्याच्या अस्ताचे कारणही त्यातच शोधावे लागते, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२. उगम : दूरध्वनि-केंद्रातील स्विचबोर्ड

जॅकचा जन्म संगीत ऐकण्यासाठी झालेला नाही. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन या गावी पहिले व्यापारी दूरध्वनि-केंद्र सुरू झाले. त्याचे प्रारंभीचे ग्राहक केवळ एकवीस होते. ग्राहकांची संख्या वाढू लागली तसा कोणत्याही ग्राहकाची तार दुसऱ्या कोणत्याही ग्राहकाच्या तारेशी त्वरित व खात्रीने कशी जोडावी, हा प्रश्न बिकट होत गेला. शिकागो येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक या कारखान्यातील चार्ल्स स्क्रिब्नर याने त्यावर जो स्विच योजिला, तो घडीच्या चाकूशी असलेल्या साम्यामुळे ‘जॅक-नाइफ स्विच’ या नावाने ओळखला जाऊ लागला. या नावाचा पूर्वार्ध तेवढा पुढे टिकला आणि ‘जॅक’ हा शब्द रूढ झाला, अशी त्याची व्युत्पत्ती सामान्यतः मानली जाते.

या नावाची जात लक्षात घेण्याजोगी आहे. ‘जॅक’ हे इंग्रजीत सामान्य माणसाचे, नोकराचाकराचे नाव. त्यामुळे माणसाचे श्रम वाचविणाऱ्या अनेक साधनांना ते मिळाले. मोटार उचलण्याचा जॅक हा त्यांपैकीच एक. तो मराठीत आला, आणि वशिला लावणे या अर्थी ‘जॅक लावणे’ असा बोलीतला प्रयोगही त्यावरून निघाला. हेडफोनचा जॅक आणि मोटारीचा जॅक हे अशा रीतीने एकाच कुळातले असले, तरी मराठी भाषकाच्या मनात त्यांचे नाते उरलेले नाही. त्यास ते दोन स्वतंत्र शब्द वाटतात.

स्विचबोर्डावरील पिनेचा व्यास पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर होता. तिच्या टोकास ‘टिप’, मधल्या कड्यास ‘रिंग’ आणि मागील नळीस ‘स्लीव्ह’ अशी नावे पडली. परस्परांपासून विलग राखलेले हे धातूचे भाग एकाच दांड्यावर ओळीने बसविलेले असल्यामुळे एका हालचालीत अनेक तारा एकदम जोडल्या जात. ग्राहकाच्या दूरध्वनि-वाहिनीतील दोन तारांना ‘टिप’ व ‘रिंग’ म्हणण्याचा प्रघात त्या पिनेपासून पडला, आणि स्विचबोर्ड इतिहासजमा झाल्यावरही तो चालू राहिला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील दूरध्वनि-केंद्रे १८८२ च्या जानेवारीत उघडली गेली. म्हणजे न्यू हेवनच्या केंद्रानंतर चारच वर्षांत हिंदुस्थान या तंत्राच्या कक्षेत आला. पुढे कित्येक दशके ट्रंक कॉल जोडणाऱ्या ऑपरेटरच्या हातातली दोरी आणि तिच्या टोकाची पिन हे दूरध्वनि-केंद्राचे दृश्य रूप होते.

या आद्य जॅकमध्ये पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक गुण होता. जोडणी झाली की नाही हे पिन घालणाऱ्याच्या हातास कळत असे. पिन आत शिरताना खट्कन बसे. ओढली की सुटे. त्या दोन अवस्थांमध्ये तिसरी अवस्था नव्हती.

३. लघुरूप आणि खासगी श्रवण

स्विचबोर्डावरील ऑपरेटरच्या कानास लागणारे श्रवणयंत्र आणि नभोवाणीच्या आरंभकाळातील हेडफोन यांचा जॅकशी संबंध जुना असला, तरी सामान्य श्रोत्याच्या खिशात जॅक आला तो ट्रान्झिस्टरमुळे. बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर सिद्ध झाला, आणि १९५४ मध्ये ‘रीजन्सी टी.आर.-१’ हा पहिला व्यापारी ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत विक्रीस आला. हातात मावणाऱ्या यंत्रास पाव इंची पिन अर्थातच अवजड होती. म्हणून १९५० नंतरच्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओच्या एका कानाने ऐकण्याच्या इअरफोनसाठी ३.५ मिलिमीटर व्यासाचे लघुरूप प्रचारात आले. प्रमाण बदलले, तत्त्व बदलले नाही.

१ जुलै १९७९ रोजी सोनी या जपानी कंपनीने ‘वॉकमन’ विक्रीस आणला आणि चालत्या माणसाचे खासगी श्रवण ही एक सामाजिक वस्तुस्थिती बनली. पहिल्या वॉकमनला हेडफोनचे दोन जॅक होते. दोघांनी एकत्र ऐकावे आणि बोलावयाचे झाल्यास एक कळ दाबून आवाज दबवावा, अशी त्यात सोय होती. एकट्याने ऐकणे हे शिष्टाचारास सोडून होईल, अशी शंका निर्मात्यांच्या मनात होती, हे या दुसऱ्या जॅकवरून दिसते. श्रोत्यांनी ती शंका निराधार ठरविली, आणि कालांतराने दुसरा जॅक राहिला नाही.

पिनेतील वाढ क्रमाने झाली. एका कानासाठी दोन भाग पुरत. स्टिरिओ ध्वनीसाठी मध्ये एक कडे आले. पुढे मोबाइलवर बोलण्यासाठी मायक्रोफोन हवा म्हणून दुसरे कडे आले. ही वाढ होत असताना जुनी पिन सामान्यतः नव्या जॅकमध्ये बसत राहिली. १९८० नंतरचा हेडफोन २०१५ च्या फोनला जोडता येत असे. तथापि या मानकाचे चित्र अतिशुभ्र रंगविणेही योग्य होणार नाही. चार भागांच्या पिनेत मायक्रोफोन कोठे आणि सामायिक तार कोठे, याविषयी दोन परस्परविरोधी क्रम काही काळ प्रचारात होते, आणि एका क्रमाचा हेडफोन दुसऱ्या क्रमाच्या फोनला लावला असता ध्वनी क्षीण अथवा विकृत येत असे. मालक नसलेल्या मानकात असे तंटे होतात. ते मिटविण्यास वेळ लागतो. परंतु ते मिटविण्यासाठी कोणास शुल्क द्यावे लागत नाही.

४. मोबाइलमधील पहिला जॅकविरहित कालखंड

जॅक नसलेला फोन ही २०१६ नंतरची नवलाई आहे, असा समज सार्वत्रिक आहे. इतिहास तसे सांगत नाही. २००० नंतरच्या दशकातील पुष्कळशा मोबाइलांना ३.५ मिलिमीटरचा जॅक नव्हता. नोकियाने २००२ च्या सुमारास ‘पॉप-पोर्ट’ नावाची स्वतःची चपटी खाच आणली. सोनी एरिक्सनची खाच आणखी निराळी. कित्येक फोनांना २.५ मिलिमीटरचे छिद्र असे. कंपनीचा हेडफोन बिघडला तर त्याच कंपनीचा दुसरा घेणे भाग पडे. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक होता खरा, पण तो इतका खोल बसविलेला होता की अनेक हेडफोनांच्या पिना त्यात पोचत नसत. २००८ मध्ये आलेला पहिला अँड्रॉइड फोन, एच.टी.सी. कंपनीचा ‘ड्रीम’, हा तर जॅकविरहितच होता.

या पहिल्या कालखंडाचा शेवट जॅकच्या विजयाने झाला. ज्यांच्यापाशी आधीच हेडफोन होते त्या ग्राहकांनी तेच फोनला लागावेत अशी अपेक्षा धरली. फोन हे संगीताचे मुख्य साधन होऊ लागल्यावर उत्पादकांना ही अपेक्षा मानावी लागली, आणि २०१० च्या आसपास ३.५ मिलिमीटरचा जॅक जवळजवळ सर्व स्मार्टफोनांत स्थिरावला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जॅक असणे अथवा नसणे हे तंत्राच्या पायरीवर अवलंबून नव्हते. बाजारात कोणाचा शब्द चालतो, यावर ते अवलंबून होते. ज्या वेळी श्रोत्याचा शब्द चालला, त्या वेळी जॅक आला.

भारताच्या दृष्टीने या विजयाला आणखी एक बाजू होती. मोबाइलमधील एफ.एम. रेडिओ हेडफोनची तार हीच आकाशतार म्हणून वापरतो. एफ.एम. प्रक्षेपणाच्या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असते. तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपासची तार आकाशतारेचे काम चांगले करते. हेडफोनची मीटरभर लांबीची तार या कामास सोईस्कर ठरली. त्यामुळे स्वस्त मोबाइल आणि स्वस्त हेडफोन यांच्या जोडीने आकाशवाणीचे व खासगी केंद्रांचे कार्यक्रम इंटरनेटचा एक पैसाही न खर्चता ऐकता येऊ लागले. रेडिओ नावाची स्वतंत्र वस्तू घरात न उरलेल्या अनेक कुटुंबांत रेडिओ टिकला, तो या तारेच्या आधाराने.

५. अस्ताचा क्रम

दुसऱ्या जॅकविरहित कालखंडाचा प्रारंभ चीनमध्ये झाला. २०१२ मध्ये ओप्पो कंपनीच्या ‘फाइंडर’ या ६.६५ मिलिमीटर जाडीच्या फोनातून जॅक वगळला गेला. २०१४ मध्ये त्याच कंपनीचा ‘आर-५’ आला. त्याची जाडी ४.८५ मिलिमीटर होती आणि त्यालाही जॅक नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये लेइको कंपनीने आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मोटोरोलाने ‘मोटो झेड’ या फोनात हाच मार्ग धरला. परंतु या घटनेला जागतिक वळण मिळाले ते ७ सप्टेंबर २०१६ रोजी. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपलने जॅकविरहित ‘आयफोन ७’ आणि त्यासोबत १५९ डॉलर किमतीचे ‘एअरपॉड्स’ हे बिनतारी हेडफोन जाहीर केले. जॅक काढून टाकण्याच्या निर्णयाचे समर्थन करताना कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी ‘करेज’, म्हणजे धैर्य, हा शब्द योजिला, आणि तो शब्द त्या निर्णयास कायमचा चिकटला.

प्रतिस्पर्ध्यांचे वर्तन उद्बोधक आहे. गूगलने ऑक्टोबर २०१६ मध्ये आपला ‘पिक्सेल’ फोन आणताना त्यात जॅक कायम असल्याचा जाहिरातीत आवर्जून उल्लेख केला. वर्षभरानंतर आलेल्या ‘पिक्सेल २’ मध्ये तो नव्हता. सॅमसंगने २०१७ मधील एका जाहिरातीत ॲपलच्या अ‍ॅडॉप्टरची थट्टा केली. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या ‘गॅलक्सी नोट १०’ मधून तिनेही जॅक काढला. वनप्लसने २०१८ च्या ‘६-टी’ मध्ये तेच केले होते. पहिल्या कालखंडात श्रोत्यांच्या अपेक्षेपुढे उत्पादक नमले. दुसऱ्या कालखंडात उत्पादकांच्या एकमतापुढे श्रोता नमला.

६. कारणांची छाननी

जॅक वगळण्याची जी कारणे पुढे केली गेली, ती मुख्यतः तीन. जॅक जाडी वाढवितो. जॅकमुळे पाण्यापासून संरक्षण कठीण होते. जॅक जी जागा व्यापतो ती इतर उपयुक्त भागांस हवी असते. यांपैकी एकही कारण निखालस खोटे नाही. परंतु एकही कारण पुरेसे नाही.

जाडीचा मुद्दा प्रथम घेऊ. ४.८५ मिलिमीटरच्या ओप्पो ‘आर-५’ मध्ये जॅक नव्हता. परंतु त्याच २०१४ साली आलेल्या विवो ‘एक्स-५ मॅक्स’ या फोनची जाडी ४.७५ मिलिमीटर, म्हणजे त्याहूनही कमी असून त्यात ३.५ मिलिमीटरचा जॅक होता. उलटपक्षी ‘आयफोन ७’ ची जाडी ७.१ मिलिमीटर होती. पाण्याविषयी म्हणावयाचे तर मार्च २०१६ मध्ये विक्रीस आलेल्या सॅमसंगच्या ‘गॅलक्सी एस-७’ मध्ये जॅक असूनही जलरोधाची पातळी जॅकविरहित ‘आयफोन ७’ पेक्षा वरची होती. जागेचा मुद्दा अधिक सबळ आहे. कॅमेरा, विजेरी आणि कंप निर्माण करणारी यंत्रणा यांची भूक प्रत्येक पिढीत वाढत गेली. तथापि २०१७ मध्ये शेन्झेन येथे एका अमेरिकन तंत्रज्ञाने ‘आयफोन ७’ उघडून, बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांच्या साहाय्याने, त्यात चालू जॅक बसवून दाखविला. कारखान्यात असे करणे व्यवहार्य ठरले असते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु ते अशक्य होते हा दावा मात्र त्यामुळे ढासळतो.

शिवाय, जॅक ज्या कंपनीने धैर्याने काढला, तिनेच तो आपल्या लॅपटॉपमध्ये ठेवला. २०२१ च्या ‘मॅकबुक प्रो’ मध्ये तर व्यावसायिक हेडफोन चालतील अशी त्याची सुधारित आवृत्ती बसविली. जॅक तंत्रदृष्ट्या मृत झाला असता तर त्याच्या सुधारणेवर श्रम खर्च झाले नसते.

मग उरते ते आर्थिक कारण. ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर कोणाचे स्वामित्व नव्हते. हेडफोन बनविणाऱ्यास फोन बनविणाऱ्याची अनुमती लागत नसे. तद्विरुद्ध आयफोनच्या ‘लाइटनिंग’ या खाचेत बसणारी वस्तू अधिकृतपणे बनविण्यासाठी ॲपलचा परवाना घ्यावा लागत असे. २०१४ मध्ये ॲपलने ‘बीट्स’ ही हेडफोनची कंपनी तीन अब्ज डॉलरांस विकत घेतली होती. या दोन गोष्टींवरून हेतूचा निर्णय करणे इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही. परंतु परिणाम निर्विवाद आहे. फोन आणि कान यांच्यामधला जो पट्टा पूर्वी मोकळे गायरान होता, त्यास कुंपण पडले. गायरानाला राखणदार नसतो. ते सर्वांचे असते म्हणून त्याच्या बाजूने दावा मांडणारा कोणीच निघत नाही. जॅकच्या बाबतीत हेच घडले.

७. जॅकविरहित फोनसह व्यवहार

या स्थित्यंतराचा भार कोठे पडला हे दैनंदिन व्यवहारातूनच पाहिले पाहिजे. आरंभी आयफोनबरोबर अ‍ॅडॉप्टर दिला जाई. २०१८ पासून तो बंद झाला आणि नऊ डॉलरांस वेगळा घ्यावा लागू लागला. २०२० च्या ‘आयफोन १२’ पासून हेडफोनही पेटीतून गेले. ‘यूएसबी-सी’ खाचेच्या फोनांत निराळीच अडचण उद्भवली. तिचे अ‍ॅडॉप्टर दोन प्रकारचे असतात. एकात डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारी चकती असते. दुसऱ्यात केवळ तारा असून ते काम फोनने करावयाचे असते. बाहेरून दोन्ही एकसारखे दिसतात. एका फोनवर चालणारा अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या फोनवर मुका राहतो, याचे कारण हे आहे; आणि दुकानाच्या काउंटरवर ते ग्राहकास क्वचितच सांगितले जाते. त्यातच खाच एकच असल्यामुळे, वेगळा दुहेरी अ‍ॅडॉप्टर घेतल्याखेरीज, चार्जिंग चालू असता तारेने ऐकता येत नाही.

बिनतारी हेडफोन हा दुसरा मार्ग. त्याचे लाभ नाकारता येणार नाहीत. तार अडकत नाही, तुटत नाही. काम करणाऱ्याचे व व्यायाम करणाऱ्याचे हात मोकळे राहतात. फोनशी थेट बोलणाऱ्या श्रवणयंत्रांमुळे कमी ऐकू येणाऱ्यांची मोठी सोय झाली. परंतु पूर्वी ज्या वस्तूला वीजच भरावी लागत नसे, तिला आता रोज वीज भरावी लागते. बड्समधील चिमुकल्या विजेऱ्या काही वर्षांत क्षीण होतात, आणि बहुतेक रचनांत त्या बदलता येत नाहीत. तार तुटलेला हेडफोन डाग देऊन पुन्हा चालू करणे हे कोपऱ्यावरच्या दुकानातले काम होते. विजेरी संपलेला बड मात्र बहुधा कचऱ्यातच जातो.

दृष्टिहीन वापरकर्त्यांची अडचण अधिक गंभीर आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली वापरताना बोटाचा स्पर्श आणि कानावर येणारा शब्द यांत अंतर पडता कामा नये. ब्लूटूथवरून येणारा ध्वनी सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा मागे राहू शकतो. चित्रपट पाहणाऱ्यास हा विलंब प्रणाली जुळवून देते. टंकलेखन करणाऱ्यास प्रत्येक अक्षरागणिक तो जाणवतो. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ब्लूटूथच्या नव्या ध्वनिप्रणालीचा एक हेतू हा विलंब घटविणे हाही आहे. तारेच्या हेडफोनात तो प्रश्नच नव्हता.

रेडिओचा मुद्दा वर आलाच आहे. बड्सना तार नसते, म्हणून त्यांची आकाशतार होत नाही. आणि जॅक गेलेल्या अनेक फोनांतून एफ.एम. ची सोयही गेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागनजीक किनाऱ्यास धडकले, तेव्हा रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत वीज आणि मोबाइलची यंत्रणा अनेक गावांतून कोलमडली. अशा प्रसंगी मनोऱ्यामागून मनोरा बंद पडणारे जाळे आणि दूरच्या एकाच केंद्रावरून होणारे प्रक्षेपण यांतील भेद केवळ तात्त्विक राहत नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये मोबाइल उत्पादकांच्या संघटनांना सूचनापत्र पाठवून, फोनमधील एफ.एम. ची सोय बंद करू नये असे सुचविले. त्यामागे आपत्काळातील उपयोग हाच एक प्रमुख विचार होता. सोय चालू ठेवण्याची सूचना झाली. पण त्या सोयीला लागणाऱ्या तारेचे छिद्र तोवर बऱ्याच फोनांतून बुजले होते.

८. शब्दांची साक्ष

वस्तूंच्या इतिहासास शब्द साक्षी असतात. मराठी बोलण्यात जॅक आणि त्यात शिरणारा भाग यांचा भेद फारसा पाळला गेला नाही. दोहोंना ‘पिन’ म्हटले गेले. ‘चार्जिंगची पिन गेली’ असे म्हणणारा माणूस बहुधा फोनमधील खाच बिघडल्याचे सांगत असतो. जोडणीचे दोन पक्ष एकाच शब्दात सामावले जावेत, इतकी ती जोडणी गृहीत धरलेली होती.

दुसरी साक्ष विशेषणाची आहे. ‘हेडफोन’ या शब्दास पूर्वी विशेषण लागत नसे. बिनतारी हेडफोन प्रथम आला तेव्हा विशेषण त्यास लागले. तो नवा, म्हणून चिन्हित होता. पुढे क्रम उलटला. ‘वायरचा हेडफोन’ असा शब्दप्रयोग ऐकू येऊ लागला, म्हणजे जे साधे होते तेच विशेष ठरले. मोबाइल आल्यावर घरातल्या दूरध्वनीस ‘लँडलाइन’ म्हणावे लागले, त्याच जातीचा हा बदल होय. एखादी वस्तू बाजारातून नाहीशी होण्यापूर्वी भाषेतील तिचे निर्विशेष स्थान जाते, याचे हे निदर्शक आहे.

तिसरी साक्ष क्रियापदांची. पिन ‘घालावी’, ‘काढावी’, ‘ओढावी’ लागे. ही हाताची क्रियापदे आहेत. बिनतारी हेडफोन ‘कनेक्ट होतो’ अथवा ‘होत नाही’. येथे कर्ता यंत्र आहे आणि माणूस वाट पाहणारा आहे. ‘ब्लूटूथ’ हे नावही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९९४ मध्ये स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत या बिनतारी दळणवळणाच्या कामास प्रारंभ झाला. १९९७ मध्ये इंटेलचे जिम कार्डाक यांनी त्यास दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड ब्लूटूथ याचे नाव सुचविले. विखुरलेल्या टोळ्यांस एकत्र आणणाऱ्या राजाचे नाव विखुरलेल्या यंत्रांस जोडणाऱ्या तंत्रास शोभेल, अशी कल्पना होती. मराठीत मात्र त्या राजाचे नाव कानातल्या वस्तूसच पडले. ‘त्याच्या कानात ब्लूटूथ आहे’ हे वाक्य कोणासही खटकत नाही. एका जोडणीस सामान्य माणसाचे नाव होते, तर दुसरीस राजाचे, हा निव्वळ योगायोग आहे. पण पहिलीत अनुमती मागावी लागत नसे आणि दुसरीत दोन यंत्रांनी परस्परांस ओळख द्यावी लागते, हा योगायोग नव्हे.

९. उपसंहार

जॅक सर्वत्र नाहीसा झालेला नाही. ध्वनिमुद्रणाच्या कक्षात पाव इंची पिन स्विचबोर्डाच्या काळातील व्यासासह वावरते आहे. लॅपटॉपमध्ये आणि काही स्मार्टफोनांतही ३.५ मिलिमीटरचा जॅक अद्याप आहे. गूगलने २०१९ मध्ये ‘पिक्सेल ३-ए’ या आपल्या स्वस्त फोनात जॅक परत आणला होता आणि २०२२ च्या ‘पिक्सेल ६-ए’ मधून पुन्हा काढला, यावरून त्याची गरज उत्पादकांनाही ठाऊक होती, हे उघड होते. अस्त झाला तो सर्वमान्य मानक या त्याच्या पदवीचा.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये केलेल्या निर्देशानुसार डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनांच्या चार्जिंगसाठी ‘यूएसबी-सी’ ही एकच खाच अनिवार्य झाली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात ॲपलनेही ‘आयफोन १५’ मध्ये ती स्वीकारली. कंपन्यांना एका सामायिक खाचेवर आणण्यासाठी येथे कायद्याचे बळ वापरावे लागले. ३.५ मिलिमीटरच्या जॅकने हेच कार्य कोणत्याही कायद्यावाचून, नुसत्या वहिवाटीच्या बळावर, अनेक दशके केले होते. वहिवाटीने मिळालेली वस्तू कोणी दिलेली नसते, म्हणून ती जाताना कोणाकडे दाद मागावी हे कळत नाही. यापुढे अशा सामायिक मानकांचा इतिहास लिहिताना त्यांचा शोध कोणी लावला या प्रश्नाबरोबरच, त्यांची राखण कोणी करावयाची होती, हा प्रश्नही अभ्यासकांनी विचारणे अवश्य आहे.